महीनचे घोडे

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे अंक निघतात. बंगालमध्ये दुर्गापूजेला अंक तर निघतातच, पण कित्येक वर्षे त्यांच्या जोडीने गाणीही निघत. एच. एम. व्ही. कंपनी खास पूजेसाठी नव्या तबकड्या काढी आणि त्या गाण्यांची 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका छापी. हेमंत मुखर्जींचे यंदा काय आले, संध्या मुखर्जींचे काय आले, याची घरोघर वाट पाहिली जाई. नवे गाणे लोकांपर्यंत नेण्याची इतकी रुळलेली वाट हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच कलकत्त्यात १९७५ च्या सुमारास सात तरुण ती वाट सोडून भलत्याच रानात शिरले.

प्रथम त्यांनी आपल्याला 'सप्तर्षी' म्हणवून घेतले. सातजण होते, तेव्हा हे ठीकच. मग 'तीरंदाज' झाले. पुढे काही दिवस त्यांचे नाव होते 'गौतम चट्टोपाध्याय बी. एस्सी. ओ संप्रदाय', म्हणजे 'गौतम चट्टोपाध्याय बी. एस्सी. आणि मंडळी'! जत्रेतल्या तमाशाच्या फडावर किंवा लग्नातल्या बँडवर पाटी असावी तसे हे नाव. त्यात ती पदवी घुसडून त्यांनी स्वतःची आणि पदव्यांची एकदमच टर उडवली. माझ्यासारख्या नुसत्या मॅट्रिक मास्तराला ही थट्टा जरा जास्तच आवडली, हे कबूल करतो. शेवटी त्यांच्यातल्या रंजन घोषालांनी सुचवलेले नाव टिकले : 'मोहीनेर घोडागुलि', म्हणजे महीनचे घोडे.

हा महीन कोण, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. जीवनानंद दासांच्या 'घोडा' या कवितेत त्याचे घोडे येतात, कार्तिकातल्या चांदण्यात येतात, आणि महीनविषयी कवी काही सांगत नाही. 'सातटि तारार तिमिर' या १९४८ च्या संग्रहातली ही कविता. जीवनानंद १९५४ साली ट्रामच्या अपघातात जखमी होऊन गेले. त्यांची थोरवी बंगालला पुरती उमगली ती त्यानंतर. त्यांच्या घोड्यांचे नाव घेणाऱ्यांच्या वाट्यालाही पुढे काहीसे तसेच यावे, हा योग विलक्षण खरा.

या सातांत गौतम, त्यांचे भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि अब्राहम मजुमदार होते. घरातली आणि मित्रांची अशी ही मंडळी. गिटार, ड्रम, व्हायोलिन, बासरी, सॅक्सोफोन असा सरंजाम. आणि गळ्यात बाऊलांची धूळभरली हाक. या मिश्रणाला लोक पुढे 'बाऊल जॅझ' म्हणू लागले. रॉक म्हणजे इंग्रजीत ओरडणे, अशी तेव्हा समजूत होती. पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांतून तसे गाणे चाले, आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातले गौतम स्वतः तिथे अँग्लो-इंडियन वादकांच्या संगतीत वाजवून आलेले होते. परकी वाद्ये हाती घेऊन आपल्याच भाषेत, आपल्याच शहराविषयी गायचे, ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. रवींद्रसंगीताच्या त्या गावात ती सोपी नव्हती.

आता त्यांच्या तबकड्यांची नावे पाहा. १९७७ ची पहिली : 'संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक'. अर्थात, उद्विग्न पक्षिकुल आणि कलकत्ता यांविषयी. पीएच. डी.च्या प्रबंधाला शोभेल असे हे नाव गाण्यांच्या तबकडीला! १९७८ ची दुसरी : 'अजाना उडंत वस्तु वा अ-उ-ब'. उडत्या तबकड्यांना इंग्रजीत जशी तीन अक्षरांची आद्याक्षरे आहेत, तशी यांनी 'अज्ञात उडती वस्तू'ची बंगाली आद्याक्षरे पाडली. १९७९ ची तिसरी 'दृश्यमान मोहीनेर घोडागुलि' : घोडे आता दिसू लागले आहेत हो! दुकानात ज्याचा हात तबकडीवर पडेल त्याने आधी नाव वाचून हसावे आणि मग चक्रावून ती घरी न्यावी, अशी ही जाहिरात होती. लोक हसले असतील. तबकड्या मात्र फारशा खपल्या नाहीत.

पण या थट्टेला केवळ पोरखेळ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. गौतम नक्षलवादी चळवळीत ओढले गेले होते. त्यांनी तुरुंग भोगला, आणि सुटल्यावर काही काळ बंगालबाहेर, मध्य प्रदेशात काढला. त्या पिढीतली कित्येक मुले घरी परत आलीच नाहीत. तेथून परतलेला माणूस गिटार घेऊन बसतो तेव्हा त्याने रडगाणे गायले असते तर कोणी नवल केले नसते. घोषणा दिल्या असत्या तर टाळ्याही मिळाल्या असत्या. यांनी दोन्ही टाळले. पहिल्या तबकडीतले 'हाय भालोबाशी' हे गाणे घ्या. आपल्याला काय काय आवडते याची ती एक लांबलचक यादी आहे. चांदणे आहे, पिकासो आहे, बीटल्स आहेत. आणि इतके सगळे आवडूनही मन का लागत नाही, हे कोडे शेवटी तसेच राहते. हसताहसता एकदम पायाखालची पायरी नाहीशी व्हावी, तसे ते गाणे आहे. आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शहराला असे गाणे काय कामाचे? ते ना प्रेमगीत, ना समरगीत.

१९७९ मध्ये रवींद्र सदनात, १९८० मध्ये कलकत्त्याच्या जॅझ महोत्सवात त्यांनी हजेरी लावली. १९८१ मध्ये मंडळी पांगली. पोटापाण्याचे उद्योग सगळ्यांनाच असतात. गौतम चित्रपटाकडे वळले. त्यांच्या १९८३ च्या 'नागमती'ला बंगालीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात हवा पालटली. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्यायांचे 'तोमाके चाई' आले. एकटा माणूस, हाती गिटार आणि बोलीभाषेतली गाणी, याला बंगालने डोक्यावर घेतले. १९९५ च्या कलकत्ता पुस्तक मेळ्यात गौतमनी एक कॅसेट आणली : 'आबार बछर कुडि परे', म्हणजे पुन्हा वीसेक वर्षांनी. नाव याही खेपेला जीवनानंदांकडूनच घेतले होते, आणि वर्षांचा हिशेबही बरोबर जमत होता. गाणी आपली आणि इतर तरुण गायकांची, आणि त्यावर शब्द 'संपादित'. संगीताला संपादक! अंक निघावा तशी कॅसेट काढली आणि ती पुस्तकांच्या बाजारात नेऊन मांडली. ज्यांनी शाळकरी वयात हे नावही ऐकले नव्हते, ती मुले ती उचलून नेऊ लागली. पाठोपाठ आणखी तीन संपादित कॅसेट निघाल्या, आणि 'बांगला बँड' हा शब्द घरोघर पोचला.

त्या कॅसेटमधले एक गाणे म्हणते की जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात कोंडले गेले आहे, आणि माणसे मात्र एकमेकांपासून दूर चालली आहेत. २००६ साली 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात प्रीतमच्या संगीतात, बांगलादेशच्या जेम्सच्या घोगऱ्या आवाजात हीच चाल 'भीगी भीगी' होऊन आली. शब्द बदलले; विरहाचे झाले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ते एका मुलाने झोकात म्हटले, आणि पहिल्या रांगेतल्या पालकांनीही ताल धरला. त्यांनी ते कुठे ऐकले होते, असे विचाराल, तर त्याच खोक्यात. गौतम चट्टोपाध्याय १९९९ मध्येच वारले होते.