काळ्या मातीतला हरवलेला थर

नागपूरच्या धरमपेठेतून अमरावती रोडने पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कामात एक जुना तंटा दडलेला आहे: विदर्भाच्या भारी काळ्या मातीत थर असतात की नसतात? थरांना ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची रीत रशियातली, मृदाशास्त्रज्ञ डोकुचाएव यांच्या काळातली. तिथे रंगच थर दाखवी. आपली काळी मात्र तीन-चार फूट एकाच रंगाची. म्हणून जुन्या नोंदींत वरपासून खालपर्यंत ‘ए’चेच पोटभाग, मग ‘एसी’, मग ‘सी’. मधला ‘बी’ कुठेच नाही. माझ्या मते उणीव मातीत नव्हती, केवळ रंगावर भिस्त ठेवण्यात होती. बेसॉल्टपासून आलेली ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना खालची ढेकळे एकमेकांवर दाबून घसरतात आणि त्यांच्यावर तिरप्या, चकचकीत घासलेल्या बाजू उमटतात. हा पुरावा धरला गेला, तेव्हा तोच पट्टा ‘बी’ ठरला आणि त्यापुढे ‘एसएस’ ही खूण लागली.

यावर पहिला आक्षेप असा की भेगांत वरची माती पडून सगळे ढवळले जाते, मग थर टिकतील कसे? ढवळणे इतके वेगवान असते, तर सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी सर्वत्र सारखी मिळाली असती. प्रत्यक्षात खोलीबरोबर कर्ब घटतो, चुनखडी वाढते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्यांची काळी, मोरंड, खरडी, बरडी ही वर्गवारी पुरेशी नव्हती का? इंग्रजी अमदानीत जमाबंदीनेही तीच उचलली, आणि पिकाचा अंदाज बांधायला ती खरोखर चोख होती. पण पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात वरून उत्तम दिसणाऱ्या काळीच्या पोटात सोडियम साचलेला असतो आणि पाणी मुरत नाही. तो कोणत्या खोलीवर, किती, हे थरागणिक तपासल्याशिवाय कळत नाही. मातीला चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, ठरवायला जगभर विनिमयक्षम सोडियमची १५ टक्क्यांची मर्यादा वापरली जाई. तिच्या बऱ्याच खालीही इथला निचरा बिघडतो, हे नागपूरच्या संशोधकांनी असेच थर मोजून दाखवले.