नाममुद्रा आणि कान : अनामिक ध्वनिमुद्रिकांच्या कर्तृत्वनिर्णयाचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला कर्तृत्वनिर्णयाचा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा आली म्हणजे कर्ता ठरला, असे समजण्याचे दिवस केव्हाच मागे पडले आहेत. नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे, हे लक्षात आल्यापासून मुद्रा हा पुरावा आहे की पुराव्याचा आभास आहे, असा प्रश्न पाठचिकित्सेला सतत पडत आला. हाच प्रश्न विसाव्या शतकात एका वेगळ्या संहितेबाबत उभा राहिला. ती संहिता लाखेच्या तबकडीवर कोरलेली होती आणि तिचा वाचक कानाने वाचणारा होता. वरचा कागद फाटलेली किंवा झिजून अक्षरे पुसलेली तबकडी लावून ‘हा आवाज कोणाचा?’ असे विचारणारा आणि छातीठोकपणे त्याचे उत्तर देणारा रसिक हा वरकरणी केवळ शौकीन वाटतो. वस्तुतः तो अंतर्गत पुराव्यावरून कर्ता ठरविणारा समीक्षकच असतो. त्याच्या पद्धतीची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. ती करण्यास सातारा-सांगलीचा परिसर विशेष सोयीचा आहे. कानाचे प्रामाण्य किती, हा वाद याच परिसरातील माणसांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष लढविला होता.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांना स्वतःची नाममुद्रा होती. फ्रेड गायसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्या काळच्या गौहर जानच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते. मेणावर घेतलेले मूळ ठसे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तबकड्या तेथे छापल्या जात. तेथील तंत्रज्ञांना भाषा, राग, गायक यांतले काहीच उमगणे शक्य नसल्यामुळे नावाच्या उच्चाराची सोय झाली, असे सांगितले जाते. कारखान्याच्या सोयीतून आलेला हा उच्चार ऐकणाऱ्याला मात्र अभंगाच्या शेवटच्या चरणासारखा भासतो. पुढे १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, कागदी चकतीवर नावे नीट छापली जाऊ लागली आणि हा उच्चार हळूहळू लोपला. मुद्रा ध्वनीतून निघून कागदावर गेली. आणि कागद फाटतो.

ध्वनिमुद्रिकेने दुसऱ्याही प्रकारे मुद्रेला धक्का दिला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’सारखी मुद्रा बहुधा अंतऱ्यात येते, लावणीत ती शेवटच्या चौकात येते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) ‘पठ्ठे बापूराव’ झाले ते अशा मुद्रेच्या बळावर. त्यांचे मूळ नाव अभ्यासकांच्या स्मरणात राहिले, मुद्रेचे नाव लोकांच्या. मात्र वेळेच्या बंधनामुळे शेवटचा चौक किंवा अंतरा गाळला गेला तर रचनाकाराचे नावच गळून पडते. तबकडीवर गाणाऱ्याचे नाव ठळक आणि रचणाऱ्याचे नाव गैरहजर, ही स्थिती पुष्कळदा आढळते ती यामुळेही. मौखिक परंपरेने रचनेच्या पोटात जपून ठेवलेला कर्ता यंत्राच्या मर्यादेने बाहेर फेकला गेला.

नाव नसलेल्या तबकडीपुढे बसलेल्या जाणकाराजवळ दोन प्रकारचे पुरावे असतात. बहिर्गत पुरावा म्हणजे मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला मूळ ठशाचा क्रमांक. चकती फाटली तरी तो राहतो आणि कंपनीच्या नोंदवहीशी ताडून पाहता येतो. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ साली प्रसिद्ध केली. त्याआधी, १९९० साली, मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली होती. या दोन घटनांनी तबकड्यांच्या छंदाला ग्रंथसूचीशास्त्राची शिस्त आणली. अंतर्गत पुरावा म्हणजे आवाजाची जात, स्वर लावण्याची रीत, तानेचा उगम, उच्चार, श्वास घेण्याची जागा. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली याने चित्रांचे कर्ते ठरविताना मुख्य आकृती बाजूस ठेवून कानाच्या पाळ्या आणि नखे यांकडे पाहावे, असे सुचविले. कलावंत ज्या ठिकाणी सावध नसतो तेथेच तो ओळखू येतो, हे त्यामागचे तत्त्व. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९७९ च्या एका निबंधात याच रीतीला ‘खुणांवरून ज्ञान’ मिळविण्याच्या व्यापक परंपरेत बसविले. मुरब्बी श्रोता जेव्हा प्रसिद्ध हरकतीकडे दुर्लक्ष करून ‘सा’वर परत येण्याची लकब ऐकतो, तेव्हा तो मोरेल्लीच्याच वाटेने जात असतो, हरकत उचलता येते, लकब सहसा उचलता येत नाही.

पण या अंतर्गत पुराव्यालाच यंत्र दगा देते. आरंभीच्या तबकड्या सगळ्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्याच होत्या असे नाही. मिनिटाला बहात्तर फेऱ्यांनी घेतलेले गाणे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी वाजविले तर ते अर्ध्या स्वराहून अधिक वर चढते, लय धावू लागते आणि आवाजाचा पोत पातळ होतो. प्रौढ पुरुष तरुण वाटतो, तरुण पुरुष स्त्री वाटू शकतो. शिवाय १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. त्यानंतर विद्युत ध्वनिग्राहक आले. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तबकड्या दिल्या आणि पुन्हा चौथ्या दशकात ओडियन कंपनीसाठी दिल्या. या दोहोंमध्ये तीसेक वर्षांचे वय आहे, गायकीतील स्थित्यंतर आहे आणि यंत्राचाही बदल आहे. दोन्ही तबकड्या नावाविना ऐकविल्या तर एकाच माणसाचे दोन गायक होण्याचा धोका आहे. ज्ञानदेव एक की दोन, या जुन्या वादाची येथे आठवण यावी इतकी ही परिस्थिती त्याच्याशी समांतर आहे.

अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडताना ज्या गळ्याचा आधार घेतला तो खाँसाहेबांचा. तारेची लांबी मोजून मिळालेला स्वर आणि गवयाने लावलेला स्वर जुळतो की नाही, हे देवल तपासत होते. त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले, १९१३ साली स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि त्या मांडणीनुसार श्रुति-हार्मोनियमही तयार करून घेण्यात आले. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या मांडणीवर वाद झाला. पं. विष्णु नारायण भातखंडे यांना ती मान्य नव्हती. कंपनसंख्येने स्वर सिद्ध होतो की जाणत्या कानाच्या संमतीने, हा त्या वादाचा गाभा होता. तबकडीवरील क्रमांक आणि श्रोत्याचा कान यांच्यातील तंटा त्याच गाभ्यातून निघाला आहे. देवलांच्या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मोजण्यासाठी त्यांना आधी एका गळ्यावर विश्वास ठेवावा लागला. संख्येने कानाला तपासले खरे, पण कोणाचा स्वर तपासण्यास योग्य, हे कानानेच ठरविले होते.

याच घराच्या इतिहासात नावाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची मुले आईबरोबर वेगळी झाली आणि त्यांची नावेही बदलली. अब्दुल रेहमान सुरेशबाबू माने झाले. १९०५ साली मिरजेत जन्मलेली चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती राणे झाली. तबकडीवरचे नाव वडिलांशी असलेले नाते सांगत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते क्षणात जाणवते, असे रसिक सांगतात. येथे कान कागदापेक्षा अधिक जाणतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हिराबाईंची घडण मुख्यतः वहीद खाँ यांच्या तालमीत झाली आहे. ज्याला श्रोता ‘रक्त’ म्हणतो ते कदाचित शिक्षण असेल. आणि ज्याला तो वडिलांची लकब समजतो ती दोघांनी एकाच परंपरेतून स्वतंत्रपणे घेतलेली असेल. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मध्ये स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांचा जो पट मांडला, त्यात किराणा स्वराच्या टोकाला आहे. हा पट मनात ठेवून ऐकणाऱ्याला किराणा लवकर ओळखू येतो, आणि नसेल तेथेही ऐकू येतो. संकल्पना कानाला तयार करते त्याच वेळी ती कानाला बांधूनही टाकते.

या बांधलेपणाची सर्वांत परखड परीक्षा जाझच्या जगात झाली. तेथे वादकांची नावे तबकडीवर क्वचितच पूर्ण असत. बँडच्या प्रमुखाचे नाव छापून बाकीचे वादक मोघम सोडले जात. शार्ल द्लोने याने १९३६ साली पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध करून कोणत्या दिवशी कोणी वाजविले याची शोधयादी मांडली. १९४६ साली लेनर्ड फेदर याने ‘मेट्रोनोम’ मासिकात ‘डोळे बांधून परीक्षा’ या स्वरूपाचे सदर सुरू केले. नाव न सांगता तबकडी लावायची आणि खुद्द नामवंत वादकाने अभिप्राय द्यायचा, अशी त्याची रीत होती. १९५१ साली तुतारीवादक रॉय एल्ड्रिज याने गोरा वादक आणि काळा वादक केवळ ऐकून ओळखता येतो, असा दावा केला आणि परीक्षेत बहुतेक वेळा त्याला ते अचूक सांगता आले नाही. एल्ड्रिजच्या कानात खोट नव्हती. तो ज्या भेदाचा शोध घेत होता तो भेद ध्वनीत नव्हता, समाजात होता. नाव झाकल्यावर समाज झाकला गेला आणि कानाजवळ काही उरले नाही. आपल्याकडे ‘हा आवाज घरंदाज’, ‘हा बाईचा’, ‘हा कोठीवरचा’ असे निकाल देणाऱ्याने ही परीक्षा स्वतःला लावून पाहण्यासारखी आहे.

सांगलीतच बालपणीची काही वर्षे काढलेल्या लता मंगेशकर यांच्या बाबतीत हे दोन्ही अंगांनी घडले. ‘महल’ (१९४९) च्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’चे नाव छापले होते. आकाशवाणीकडे श्रोत्यांची विचारणा येऊ लागली आणि खरे नाव बाहेर आले. येथे कानाने कागदाला खोटे ठरविले. पुढे त्यांनीच ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिले. ‘साधी माणसं’ (१९६५) साठी राज्य पुरस्कार जाहीर होईपर्यंत हे नाव कोणाचे, याचा सर्वसामान्य श्रोत्याला पत्ता नव्हता. गळा एका क्षणात ओळखणाऱ्या त्याच श्रोत्यांना त्याच व्यक्तीची रचना ओळखता आली नाही. गाणारी स्त्री ऐकण्याची कानाला सवय होती, संगीत रचणारी स्त्री ऐकण्याची नव्हती.

अनामिक ध्वनिमुद्रिकेवरील चर्चेत सहसा दबून राहणारा मुद्दा यातून पुढे येतो. ‘कोण?’ हा प्रश्न ज्याचे नाव आधीच ठाऊक आहे त्याच्याविषयीच विचारता येतो. आवाज अपरिचित असला तर ओळखणारा त्याला जवळच्या मोठ्या नावाखाली जमा करतो, जशी विष्णुदास नाम्याची रचना नामदेवाच्या गाथेत जमा झाली. मोठे नाव आजूबाजूचे सगळे आपल्याकडे ओढून घेते. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते. त्यांची नावे राहिली, कारण ती स्वतंत्रपणे मोठी झाली. पण असंख्य तबकड्यांवर ज्याची सारंगी गायकाच्या मागोमाग सावलीसारखी फिरते त्याला चकतीवर जागा मिळाली नाही, आणि श्रोत्याच्या अंदाजातही मिळाली नाही. त्या वादकाविषयी कोणी पैज लावीत नाही.

यावरून कानाचा निवाडा टाकाऊ ठरत नाही. क्रमांक फक्त नोंदलेलेच सांगतो आणि नोंदवही लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले नाही ते त्यात सापडणार नाही. सारंगियाचा शोध लागलाच तर तो कानानेच लागेल. मात्र त्यासाठी ओळखण्याच्या आनंदापलीकडे जाऊन न ओळखता येणाऱ्या आवाजापुढे थांबण्याची तयारी हवी. पाठचिकित्सेत ज्या रचनेचा कर्ता ठरत नाही तिच्यापुढे ‘अज्ञात’ लिहून तिला गाथेबाहेर स्वतंत्र जागा देण्याची रीत आहे. ध्वनिमुद्रिकांच्या सूचीत ही रीत प्रत्येक वाद्यापर्यंत पोहोचली, तर तबकडीच्या फाटक्या कागदाने पुसलेली काही माणसे निदान रिकाम्या रकान्याच्या रूपाने तरी इतिहासात येतील. रिकामा रकाना पुढच्या श्रोत्याला प्रश्न विचारतो. घाईने भरलेला रकाना तो प्रश्न कायमचा मिटवून टाकतो.