कल्हई आणि सैकल : गाडीच्या चमकेचा इतिहास

माझ्या वर्गात दरवर्षी शिकलगार आडनावाचं एखादं तरी मूल असतं. पहिल्या हजेरीला मी त्याला विचारतो, "बेटा, आडनावाचा अर्थ ठाऊक आहे का?" बहुतेक वेळा नसतो. मग मी फळ्यावर लिहितो : सैकल. अरबी शब्द. अर्थ, धातू घासून लखलखीत करणं. त्याला फारसीचा 'गर' जोडला की सैकलगर होतो, आणि मराठीच्या तोंडी तो शिकलगार. तलवारी, कट्यारी, सुऱ्या यांना धार आणि झळाळी देणारा माणूस.

त्याच्या शेजारी मी दुसरा शब्द लिहितो : कल्हई. हाही अरबीतून आलेला. 'कलई' म्हणजे कथील. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणारा कल्हईवाला माझ्या पिढीने दारात बसलेला पाहिला आहे.

दोघांच्या हातून वस्तू चमकते. पण शिकलगार पात्यावरचं काहीतरी काढून घेतो आणि कल्हईवाला भांड्यावर काहीतरी चढवतो. एकाची चमक वजाबाकीची, दुसऱ्याची बेरजेची. मोटारगाडीच्या रंगाला जपण्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत मावतो असं मी म्हटलं तर विद्यार्थी हसतात. पण माझ्या मामूंची रोजी एकदा या दोन शब्दांच्या मध्ये सापडली होती. म्हणून हा लेख.

बग्गीच्या वार्निशपासून

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच होत्या. त्यांचा रंगही बग्गीचाच. जवसाच्या तेलात कालवलेला रंग आणि त्यावर तेल-राळेचं वार्निश. थरावर थर ब्रशने द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे जात.

हे वार्निश दिसायला आरशासारखं, पण स्वभावाने नाजूक. चिखल वाळला की डाग पडे. तबेल्यातल्या अमोनियाच्या वाफेनेही ते खराब होई, म्हणून बग्गी घोड्यांपासून दूर ठेवा असं त्या काळचे जाणकार बजावत. धुण्याची त्यांची रीत आजही खोटी ठरलेली नाही. आधी भरपूर थंड पाणी सोडून चिखल भिजवून वाहू द्या, मग मऊ स्पंज, शेवटी शॅमॉयच्या कातड्याने टिपून घ्या. कोरडं कधी पुसू नका.

फोर्डच्या कारखान्याला एवढा वेळ परवडणारा नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात त्यांची मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात निघत होती. भट्टीत लवकर वाळणारा तो टिकाऊ, स्वस्त काळा रंग मोठ्या उत्पादनाला सोयीचा होता.

बारुदातून निघालेला रंग

मग आला नायट्रोसेल्युलोज. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून बनणारा हा पदार्थ मुळात स्फोटकांच्या धंद्यातला. अमेरिकेतली ड्युपाँ कंपनी स्फोटकांसाठीच ओळखली जात होती. पहिल्या महायुद्धानंतर याच रसायनापासून तिने फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा रंग आणला आणि त्याला 'ड्युको' नाव दिलं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीचं १९२४ चं मॉडेल या रंगात, निळ्या छटेत बाजारात आलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे ड्युको हा शब्द अजून जिवंत आहे. कपाटाला फवाऱ्याने रंग मारणारे कारागीर आजही 'ड्युको करू का' असं विचारतात.

अशा रंगाला इंग्रजीत लॅकर म्हणतात. भाषेच्या मास्तराला इथे थांबावंच लागतं. संस्कृत लाक्षा, आपली लाख, फारसी-अरबीत लाक आणि लक्क, तिथून पोर्तुगीज आणि फ्रेंच करत तो इंग्रजीत लॅकर झाला. पळस-बोरीच्या फांदीवरच्या किड्याची लाख अमेरिकेतल्या मोटारीवर नावापुरती जाऊन बसली. ड्युकोत लाखेचा थेंबही नव्हता.

या लॅकरची एक खोड होती. फवाऱ्यातून उतरल्यावर तो निस्तेज वाळे. चमक हवी तर बारीक कणांच्या लेपाने, म्हणजे रबिंग कंपाउंडने, त्याला घासावं लागे. वरचा खडबडीतपणा काढून पृष्ठभाग सपाट झाला की उजेड सरळ परततो आणि डोळ्याला चमक दिसते. मोटारीच्या धंद्यात शिकलगाराचा हात शिरला तो असा.

ताडाच्या पानावरचं मेण

कल्हईची बाजू मेणाने सांभाळली. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात कारनौबा नावाचं ताडाच्या जातीचं झाड आहे. उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर धरतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली मेणाची पूड वितळवून घेतात. मधमाशीचं मेण ६०-६५ अंशांना पातळ होतं, कारनौबाला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. ते इतकं कडक असतं की गाडीला लावण्याआधी द्रावकात किंवा तेलात मऊ करावं लागतं.

जे मेण पानाला कोरड्या हवेपासून वाचवतं, तेच रंगाला धूळ, पाणी आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून काही आठवडे वाचवतं. काही आठवडेच. ते झिजतं आणि पुन्हा लावावं लागतं. त्याचं कामच हे की रंगाऐवजी त्याने झिजावं.

घोटाळा शब्दाने केला. आपण बुटाला पॉलिश करतो, लाकडाला चपड्याचं पॉलिश करतो. दोन्हीकडे काहीतरी चढवतो. म्हणून गाडीचं पॉलिश म्हणजेही काहीतरी लावणं असं वाटतं. पण गाडीच्या धंद्यात वॅक्स चढवतं आणि पॉलिश काढतं. बाजारातल्या कित्येक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

मामूंचा कपडा

आता कुर्ल्याला येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथे होता. फियाट ११०० आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तीच गाडी इथे बनत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेक वेळा हीच. आजूबाजूच्या गल्ल्यांत डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं. त्यांपैकी एकात माझे मामू पॉलिशचे उस्ताद होते.

त्या गाड्यांचा रंग एकथरी असे. जो रंग दिसतो तोच वरचा थर. ऊन आणि हवेने तो वरून मरायचा, हात फिरवला तर बोटांना खडूसारखी पूड लागायची. मामू कंपाउंड घेऊन कापसाच्या बोळ्याने घासायला बसत आणि डोळा कपड्यावर ठेवत. काळ्या गाडीचा कपडा आधी राखाडी व्हायचा, मग काळा. "काळं आलं की थांबायचं," ते सांगत. "मेलेला रंग गेला, जिता रंग लागला. आता एक हात जास्त मारलास तर कातडी सोलशील." त्यानंतर मेण. मरगळलेली टॅक्सी संध्याकाळी अशी निघे की चालक तिच्यात स्वतःचे केस नीट करी.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि नव्वदच्या दशकात परदेशी बनावटीच्या गाड्यांची रीघ लागली. त्यांच्यासोबत मेटॅलिक रंग आले. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते उघडे पडले, घासले गेले तर डागाळतात. म्हणून रंगावर एक पारदर्शक थर देतात, क्लिअर कोट. परदेशांत ही पद्धत १९७०-८० च्या दशकांत रुळली होती. आता चमक आणि उन्हापासून संरक्षण दोन्ही या बिनरंगी थराकडे गेलं. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, यावरून अंदाज यावा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक चंदेरी मेटॅलिक गाडी मामूंकडे आली. बॉनेटवर बारीक ओरखडे होते. मामूंनी घासायला सुरुवात केली आणि नेहमीसारखी कपड्यावर नजर ठेवली. कपड्यावर रंग येईना. येणार कसा? वरचा थर पारदर्शक होता. मामूंना वाटलं, मेलेला थर अजून गेला नाही. ते घासत राहिले. शेवटी कपड्यावर करडी छटा उतरली आणि तीस वर्षांच्या सवयीने ते थांबले. तेव्हा क्लिअर कोट संपून खालचा रंग उघडा पडला होता. बॉनेटच्या मधोमध ताटाएवढा फिका डाग.

जी खूण त्यांना वाचवायची, तिनेच त्यांना बुडवलं. बॉनेट नव्याने रंगवण्याचा खर्च त्यांच्या पगारातून कापला गेला. गल्लीत बोलणं सुरू झालं की उस्तादांची नजर गेली. काही महिन्यांत त्यांनी काम सोडलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि, आज कबूल करतो, मलाही तसंच वाटलं होतं. मामू एवढंच म्हणाले, "नजर नाही गेली रे. रंगाने या वेळी सांगितलंच नाही."

त्या वाक्याचा अर्थ समजायला मला वीस वर्षं लागली. रंग कारखान्यात बदलला. त्याची माहिती इंग्रजीत, डब्याच्या कागदावर आली. मामू उर्दू चौथी शिकलेले. हात तोच, कौशल्य तेच, फक्त हाताखालची वस्तू बदलली होती आणि तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हात लावण्याआधी

माझ्या शाळेतली कितीतरी मुलं दहावीनंतर गॅरेजात जातात. इमारतींत सकाळी गाड्या पुसायला जाणारीही आहेत. हे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांच्यासाठी.

बॉनेटवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे बहुतेक वेळा रोजच्या पुसण्याचे असतात. कोरडं फडकं धुळीवर फिरवणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. आधी पाण्याने धूळ वाहू द्या. बादल्या दोन ठेवा, एक साबणाची आणि एक कपडा खंगाळायची. वरून खाली या, चाकांचा कपडा वेगळा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळू देऊ नका, क्षारांचे डाग बसतात. पक्ष्यांची घाण खरवडू नका, ओला कपडा ठेवून भिजवा आणि उचला. रॉकेलच्या फडक्याची चमक घटकाभराची असते, नंतर तिच्यावर धूळ चिकटते.

पॉलिश करायचंच असेल तर आधी थर ओळखा. डिकीच्या आतल्या कडेला किंवा कुठल्यातरी लपलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यावर किंचित पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासा. कपड्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी, मामूंची जुनी खूण चालेल. रंग लागला नाही तर वर क्लिअर कोट आहे, आणि तिथे कपडा तुम्हाला काहीच सांगणार नाही. सगळ्यात सौम्य लेपापासून सुरुवात करा आणि दोन-चार हातांनंतर पुसून उजेडात पाहा. मशिन असेल तर कडा आणि उठावाच्या रेषा चिकटपट्टीने झाका, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो. मशिन एका जागी थांबवू नका, पत्रा तापतो. नख अडकेल एवढा खोल ओरखडा पॉलिशने काढायला जाऊ नका. तो जाईपर्यंत थरच जाईल.

मेण मात्र सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ लावा आणि धुरकट झालं की मऊ कपड्याने पुसा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायलाच त्रास होतो. कल्हई वर्षातून कितीदाही करा. सैकल मोजून करा.

गेल्या ईदला

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचा अधिकृत निरोप झाला. बातमी मी मामूंना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त तळहातावर बोटं फिरवत राहिले.

मी एक जुनी, सेकंडहँड गाडी घेतली आहे. गेल्या ईदला मामू घरी आले. शीरखुर्मा झाल्यावर म्हणाले, "दाखव." त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, मग पांढरा रुमाल मागितला. डिकी उघडून आतल्या कडेला थोडं पॉलिश घासलं आणि रुमाल उजेडात धरला. रुमाल पांढराच होता.

"हां," ते म्हणाले, "हा न बोलणाऱ्यांपैकी आहे."

दरवाज्यावर एक लांब ओरखडा आहे, तो जाईल का असं मी विचारलं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"राहू दे. मेण आण."