चांदबीबीने सोडलेले वऱ्हाड

चांदबीबी म्हटले की आपल्याला अहमदनगरचा किल्ला आठवतो. मी वाशीमचा, म्हणून मला तिचा तह आधी आठवतो. किल्ला वाचवण्यासाठी तिने मोगलांना जो मुलूख दिला, तो आमचा वऱ्हाड होता. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून बासीमची नोंद आहे. ते बासीम म्हणजेच वाशीम.

१५९५ मध्ये निजामशाहीत चार गट होते आणि प्रत्येकाचा राजा वेगळा. सरदारांमध्ये चुरस असणे वाईट नाही. राज्य चांगले कोण चालवतो अशी ती असती, तर दौलत वाढली असती. इथे दुसऱ्याला पाडणे एवढेच उरले होते. त्यातूनच मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. मोगल आले आणि किल्ल्यालाच वेढा पडला.

आत चांदबीबी होती. हुसेन निजामशाहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम. पती गेल्यावर तिने विजापुरात लहानग्या इब्राहिमच्या नावाने कारभार पाहिला होता आणि सरदारांच्या भांडणात कैदही सोसली होती. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारावर उभी राहिली. रातोरात तट बांधून निघाला. पण वेढा किती दिवस सोसणार? मोगलांच्या छावणीतही मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते. दोन्ही बाजू थकल्या असताना तिने वऱ्हाड देऊन तह केला. लहानग्या बहादूरशाहाची गादी वाचली.

१६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. किल्ला सोडावा आणि बहादूरशाहाला सुखरूप जुन्नरला न्यावे, असे तिचे मत पडले. फरिश्ता लिहितो की हमीदखानाने फितुरीची ओरड केली आणि जमावाने तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडलाच. बहादूरशाह कैदी होऊन ग्वाल्हेरला गेला.

दोन्ही वेळी तिचा हिशेब एकच होता: काय सोडले म्हणजे काय वाचेल? लढणाऱ्या बाईचे चित्र आपण भिंतीवर लावतो, पण विचार करून माघार घेणाऱ्या बाईवर विश्वास ठेवत नाही. आज आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडणुकीत चुरस जरूर व्हावी. मात्र निवडून आलेल्या बाईने गावाला न आवडणारा निर्णय घेतला, तर फितुरीची ओरड करण्याआधी तिचा हिशेब ऐकून घ्यावा. तिच्या तहाची किंमत आमच्या मुलखाने मोजली, तरीही मी हेच म्हणेन.