पक्ष बदलतात, आघाड्या फिरतात. मग आपल्या मताचा उमेदवार ओळखायचा कसा? पेण-रोह्याचं उदाहरण

पेण विधानसभा मतदारसंघात २०१४ ला मुख्य लढत होती ती शेतकरी कामगार पक्षाचे धैर्यशील पाटील आणि काँग्रेसचे रवींद्र ऊर्फ रवीशेठ पाटील यांच्यात. धैर्यशील पाटील जिंकले. २०१९ ला पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले, पण या वेळी रवीशेठ भाजपचे उमेदवार होते आणि ते निवडून आले. पुढे धैर्यशील पाटीलही भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेचे खासदार झाले. त्याच वर्षी रवीशेठ भाजपकडून पुन्हा आमदार झाले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध प्रचार करणारे दोन नेते आज एकाच पक्षात आहेत.

रायगड लोकसभेतही हेच दिसतं. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुकांत सुनील तटकरे आणि अनंत गीते यांच्यातच मुख्य सामना झाला. २०१९ मध्ये तटकरे काँग्रेस आघाडीचे उमेदवार होते, शेकापचा त्यांना पाठिंबा होता आणि गीते शिवसेना-भाजप युतीकडून उभे होते. २०२४ मध्ये तटकरे भाजपसोबतच्या महायुतीत होते, तर काँग्रेस आणि शेकाप गीतेंच्या बाजूला. उमेदवार तेच, बाजू मात्र उलट्या.

यात कोण बरोबर आणि कोण चूक हा वेगळा विषय. पण ‘मी अमुक पक्षाचा मतदार’ एवढ्यावर मत ठरवणाऱ्याची इथे अडचण होते. पक्षाचं नाव पाहून उमेदवाराला जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, कारखान्यांबद्दल काय वाटतं हे कळत नाही. ते वेगळं शोधावं लागतं. जगात काही देशांनी त्यासाठी एक पद्धत बसवली आहे. ती समजून घेतली तर पेण-रोह्यातही कागद-पेन घेऊन वापरता येते.

मतजुळणी म्हणजे काय?

नेदरलँड्समध्ये १९८९ साली ‘स्टेमवाइझर’ नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात राजकीय विधानं होती. वाचणाऱ्याने प्रत्येकावर आपलं मत द्यायचं आणि शेवटी आपण कोणत्या पक्षाच्या जवळ आहोत ते पाहायचं. १९९८ मध्ये ती इंटरनेटवर आली. जर्मनीने २००२ मध्ये त्याच धर्तीवर ‘वाल-ओ-माट’ सुरू केलं. तिथे ३८ विधानं असतात. ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘तटस्थ’ असं उत्तर द्यायचं, नको असलेलं विधान सोडून द्यायचं. जे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात त्यांना दुप्पट वजन देता येतं.

या यंत्रणांमधली खरी ताकद संगणकात नाही. निवडणुकीआधी पक्ष स्वतः त्याच विधानांवर लेखी उत्तरं देतात, ही ती ताकद. पक्षाने टाळाटाळ केली तर तीही सगळ्यांना दिसते. वादही होतात: २०१९ मध्ये युरोपीय निवडणुकीच्या तोंडावर जर्मनीतल्या एका न्यायालयाने वाल-ओ-माट थांबवायला लावलं होतं, कारण एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येत असल्याने लहान पक्षांवर अन्याय होतो, अशी तक्रार होती. तडजोड होऊन ते काही दिवसांत पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडे उमेदवाराला कायद्याने बरंच काही सांगावं लागतं, पण त्यात मतं येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. हा ‘नमुना २६’. निवडणूक आयोगाच्या ॲपवर आणि ‘मायनेता’ या संकेतस्थळावर तो पाहता येतो. उमेदवाराकडे किती गुंठे जमीन आहे ते त्यात कळतं. तुमच्या जमिनीचं काय करायचं असं त्याला वाटतं, ते कळत नाही.

आधी मतदारसंघ तपासा

रोह्याच्या मतदाराने ही पायरी अजिबात सोडू नये. रोहा तालुका एक असला तरी विधानसभेसाठी तो तीन ठिकाणी विभागलेला आहे. नागोठणे परिसर पेण मतदारसंघात, चणेरा परिसर अलिबागमध्ये आणि रोहा शहरासह कोलाडकडचा भाग श्रीवर्धनमध्ये. लोकसभेला मात्र हे तिन्ही रायगडमध्येच येतात. त्यामुळे तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात फिरणारा उमेदवार आपल्या मतदानयंत्रावर असेलच असं नाही. ओळखपत्राचा क्रमांक टाकून निवडणूक आयोगाच्या ॲपवर मतदारसंघ आणि यादीतला भाग क्रमांक लगेच मिळतो.

कोणता प्रश्न कोणाच्या हातात?

जुळणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चुकीच्या निवडणुकीत चुकीचा प्रश्न. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं. राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा विषय, म्हणून तो प्रश्न आधी खासदाराला विचारायचा. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराने महामार्गाचं आश्वासन दिलं तर ऐकून सोडून द्यावं; त्याला कचरा, गटारं, पाण्याची वेळ आणि बांधकाम परवानग्या विचाराव्यात.

खारेपाटाचं पाणी आणि बंधारे हे राज्याचे, म्हणजे आमदाराचे प्रश्न. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि वाशी-शिर्की भागातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भरतीच्या उधाणात खारबंदिस्ती फुटली की भातशेतीत खारं पाणी शिरतं. रोह्यात धाटावची औद्योगिक वसाहत आणि कुंडलिका नदीचं प्रदूषण, रोहा-मुरुड पट्ट्यातला प्रस्तावित औषधनिर्मिती प्रकल्प, हेही मुख्यतः राज्याच्याच कक्षेत येतात.

गणपतीच्या मूर्तींचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून पीओपीला विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पीओपीच्या मूर्ती बनवायला वाट मोकळी केली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनाला परवानगी दिली नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखानदारांना ‘मी बंदी उठवतो’ असं कोणी सांगत असेल, तर केंद्रीय मंडळ आणि न्यायालय यांना बाजूला ठेवून ते कसं उठवणार, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

विधान नेमकं हवं

‘शेतकऱ्यांचा विकास व्हावा’ याला कोणताही उमेदवार नाही म्हणणार नाही. म्हणून असं विधान जुळणीला निरुपयोगी. विधान असं हवं की त्याला दोन समजूतदार माणसं वेगवेगळी उत्तरं देतील.

नेमका प्रश्न म्हणजे काय, याचा धडा पेणनेच देशाला दिला आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने जनमत घेतलं. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी, जमीन द्यायची की नाही एवढाच प्रश्न होता आणि उत्तर द्यायचं होतं जमीनधारक शेतकऱ्यांनी. ही गावं हेटवणेच्या लाभक्षेत्रात येतात, ओलिताखाली येऊ शकणारी जमीन उद्योगाला का द्यायची, हा आंदोलनाचा मुद्दा होता. प्रा. एन. डी. पाटील या लढ्याच्या पुढे होते. शेतकऱ्यांनी मोठ्या बहुमताने नकार दिला आणि तो सेझ इथे उभा राहिला नाही. त्या दिवशी कागदावर कोणाचं चिन्ह नव्हतं. वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं एकाच उत्तरावर आली, ती त्यामुळेच.

तोच प्रश्न आता नव्या रूपात आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएला विकास प्राधिकरण नेमलं. लोक त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. ‘तिसऱ्या मुंबईत शेतकऱ्याच्या लेखी संमतीशिवाय एक गुंठाही घेऊ नये’ हे चांगलं विधान आहे. त्यावर ‘आम्ही शेतकऱ्यांसोबत आहोत’ हे उत्तर नव्हे.

गुण कसे द्यायचे?

समजा, वाशी गावातल्या एका मतदाराने पाच विधानं लिहिली:

१. हेटवणेचं पाणी आधी खारेपाटाला, मग बाहेर.
२. नव्या शहरासाठी संमतीशिवाय भूसंपादन नको.
३. पीओपी मूर्तिकारांना आणखी मुदत द्यावी.
४. धाटावमध्ये नवे रासायनिक कारखाने नकोत.
५. महामार्ग पूर्ण होईपर्यंत टोल नको.

उत्तर जुळलं तर २ गुण, उमेदवार तटस्थ असेल तर १, विरुद्ध असेल तर ०. उमेदवार ‘अ’ तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या विधानावर जुळतो, पहिल्यावर विरुद्ध आहे, दुसऱ्यावर गोलमोल बोलतो. त्याचे गुण १० पैकी ७. उमेदवार ‘ब’ पहिल्या दोन विधानांवर जुळतो, चौथ्यावर तटस्थ आहे, तिसऱ्या-पाचव्यावर विरुद्ध. त्याचे ५.

‘अ’ पुढे दिसतो. पण या मतदाराच्या घरचं आयुष्य पाणी आणि जमीन या दोन गोष्टींवर चालतं. त्या दोन विधानांना दुप्पट वजन दिलं की एकूण गुण १४ होतात. ‘अ’ला ८ मिळतात, ‘ब’ला ९. वजनाने निकाल फिरला. म्हणून वजन आधी ठरवून लिहून ठेवावं. नाहीतर आवडता उमेदवार पुढे येईपर्यंत माणूस आकडे हलवत बसतो, आणि मग ती जुळणी राहत नाही.

गोलमोल उत्तराला १ गुण द्यायचा की शून्य? युरोपात तटस्थ हीदेखील पक्षाने लेखी दिलेली भूमिका असते. आपल्याकडचं गोलमोल उत्तर बहुतेकदा टाळण्यासाठी असतं. त्याला शून्य देणंच बरं. तसं केलं तर ‘अ’चे गुण ८ वरून ६ वर येतात.

उमेदवाराचं मत मिळणार कुठे?

पूर्वी निवडून आलेल्याचं रेकॉर्ड असतं. खासदाराची हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर आणि पीआरएसवर मिळतात. आमदाराचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेल्या असतात. पाच वर्षांत हेटवणेवर एकही प्रश्न न विचारणारा आमदार प्रचारात त्यावर तासभर बोलला, तर गुण कशाला द्यायचे ते मतदाराने ठरवावं.

नव्या उमेदवाराला थेट विचारावं लागतं. त्यासाठी वेळ फार कमी असतो: २०२४ च्या विधानसभेला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. मधले सोळा दिवस सभा आणि दुचाकी फेऱ्यांतच जातात. म्हणून विधानांची यादी आधी तयार असावी. एकट्याने विचारण्यापेक्षा गाव, मूर्तिकार संघटना किंवा सोसायटीने मिळून तीच पाच विधानं सगळ्या उमेदवारांना लेखी पाठवली तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. कोणी उत्तर दिलं नाही, तर तेही ग्रुपवर टाकता येतं. नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या उमेदवारांची शपथपत्रं केंद्रीय आयोगाच्या ॲपवर शोधू नयेत.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात पक्षाचा व्हिप मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे एखाद्या विधेयकावर आमदाराचं स्वतःचं मत मतदाराशी कितीही जुळलं तरी बटण पक्षाच्या आदेशाप्रमाणे दाबलं जातं. कायद्यांच्या प्रश्नांवर म्हणून पक्षाचा जाहीरनामा जास्त मोजावा. प्रश्न विचारणं, अधिकाऱ्यांची बैठक लावणं, निधी आणणं, आंदोलनात उभं राहणं इथे मात्र माणूस मोजावा. पेण-रोह्याचे बरेचसे प्रश्न या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

आणि जुळणीत प्रामाणिकपणा येत नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँक बुडाली, तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ‘ठेवीदारांना पैसे मिळाले पाहिजेत’ याच्याशी सगळेच सहमत होते. त्यासाठी नमुना २६ मधले खटले आणि देणी वाचावी लागतात. गुण कितीही पडोत.

शेवटी यंत्रावरचं नाव

२०१४ च्या रायगड लोकसभेत अनंत गीते अवघ्या २,११० मतांनी जिंकले. त्याच यंत्रावर सुनील तटकरे यांच्याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ९,८४९ मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे कोणी सांगू शकत नाही, पण फरकाच्या चौपटीहून ती जास्त होती. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांत यंत्रांना व्हीव्हीपॅट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे बटण दाबण्याआधीच नाव आणि चिन्ह दोन्ही वाचून घ्यावं लागतं.