पिंपळ्याची मोजदाद, सोलापूरची काळी माती

सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाची गोष्ट बहुतेक जण १९३३ पासून सांगायला घेतात. त्या सुमारास शेती संशोधनाच्या इंपिरियल कौन्सिलच्या योजनेतून देशात पाच ठिकाणी अशी केंद्रं उभी राहिली: सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. पण या गोष्टीचं पहिलं पान सोलापुरात नाही. ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये आहे, जिथे आज टोलेजंग इमारती आणि आयटीवाल्यांची वस्ती आहे.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहावर संशोधन करून १९०७ मध्ये ते पुण्याला आले. अशा माणसानं प्रयोगशाळेत रमावं, तर हे आपल्या हाताखालच्या मंडळींना घेऊन एका खेड्याची मोजदाद करायला निघाले. घर किती माणसांचं, जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती? १९१७ साली यातून ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक झालं. साहेबानं मुखपृष्ठावर आपल्या नावाबरोबर सहकाऱ्यांचीही नावं घातली: द. ल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे. त्या काळात हे सहज होणारं नव्हतं. (आजही सगळीकडे होतं असं नाही.)

विद्यार्थ्यांना गावात धाडण्याची कल्पना तेव्हा हवेतच होती. मद्रासमध्ये गिल्बर्ट स्लेटर या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली दिली आणि त्यांना खेड्यांची पाहणी करायला सांगितलं. त्याचंही पुस्तक १९१८ मध्ये निघालं.

पिंपळ्यात काय सापडलं? १५६ खातेदार आणि जमिनीचे ७२९ तुकडे. त्यांतले ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान. १७७१ साली सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते ७ एकरांवर आलेलं. १०३ कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर नीट भागत होतं फक्त आठांचं. बाहेरची मजुरी धरूनही ६७ घरं तुटीतच.

मग मॅन आणि कानिटकर दोघांनी मिळून जातेगाव बुद्रुक घेतलं. पुणे जिल्ह्यातलंच, पण पाऊस कमी असलेल्या पट्ट्यातलं गाव. १९२१ च्या त्या पुस्तकात चित्र आणखी काळवंडलं: १४७ कुटुंबांपैकी १२५ तुटीत. पाऊस नसला की हिशेब किती बिघडतो, हे कानिटकरांनी घरोघर फिरून पाहिलं होतं.

पुढचा धागा इथूनच निघतो. १९२३ मध्ये ताम्हण्यांनी मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. नंतर कानिटकरांनी तेच काम सोलापूर-विजापूरच्या काळ्या रानात वाढवलं. सोलापूरला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा काही वाईट नाही, पण तो बेभरवशाचा, आणि एका दणक्यात पडला की माती घेऊनच जातो. म्हणून रानातून वाहून जाणारं पाणी आणि माती दोन्ही मोजली गेली. त्यातून जी पद्धत बसली ती ‘मुंबई पद्धत’: समपातळीचे बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, बियाणं कमी, दोन ओळींत अंतर जास्त आणि वेळेवर कोळपणी. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे कुणब्याच्या तोंडी असतंच. केंद्रानं त्याला मोजमापाची जोड दिली. जवळच मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ ज्वारी काढली गेली. तिच्या नावातला ‘एम’ मालदांडीचा. कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४ मध्ये आलं.

पद्धत पसरली मात्र हळूहळू. उत्पन्न वाढायचं पंधरा-वीस टक्क्यांनी, आणि मुळात एकरी पीकच इतकं थोडं की वाढ डोळ्यात भरायची नाही. शिवाय समपातळीचा बांध जमिनीच्या उताराला बघून जातो, सातबाऱ्याला नाही. तो तीन भावांच्या रानातून गेला की तिघांचंही तोंड वाकडं. १९४२ साली मुंबई सरकारला जमीन सुधारणेसाठी वेगळा कायदाच करावा लागला. मातीचा अभ्यास करणाऱ्यांची गाठ पुन्हा पिंपळ्याच्या त्या तुकड्यांशी पडली म्हणायची.

सोलापूरचं केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. याच विद्यापीठातली बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. पेपरात त्यांचे ‘कृषीदूत’, ‘कृषीकन्या’ म्हणून फोटो छापून येतात. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, माती परीक्षणाचे नमुने काढले जातात. बहुतेकांनी एखाद्या शेतकऱ्याला त्याचा खर्च आणि त्याचं कर्ज विचारण्याची ती पहिलीच वेळ. म्हातारा आधी विचारतो, “कुणाचा रं तू?” मग चहा येतो, आणि चहानंतर कुठे कागदाचा पहिला रकाना भरायला घेता येतो.