अनुक्रमांक (स्प्रेडशीटमधील)
तक्त्यातील ओळींना दिलेले चढते क्रमांक. शीर्षकात बहुधा ‘अ. क्र.’. स्प्रेडशीटच्या डाव्या कडेचे क्रमांक ओळीची जागा सांगतात, नोंदीचा क्रम नव्हे. म्हणून वेगळा स्तंभ लागतो.

पहिल्या दोन घरांत १ आणि २ लिहून, दोन्ही निवडून, उजव्या खालच्या कोपऱ्यातील ठिपका खाली ओढला की मालिका पुढे सरकते. एक्सेलमध्ये नुसता १ ओढला तर सगळीकडे १ च उमटतो. शीर्षक पहिल्या ओळीत असल्यास ‘=ROW()-1’ हे सूत्रही चालते; मधली ओळ काढली तरी त्याचे क्रमांक सलग राहतात.

मात्र सलगपणा नेहमीच हिताचा नसतो. गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात (स्थापना १९७०, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग) बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावरचे प्राणी नोंदवतात. अशी टिपणे तक्त्यात घेताना तारीख न लिहिता केवळ वेळेनुसार क्रम लावला, तर पहाटे २ चे अस्वल सायंकाळी ६ च्या चितळांच्या वर जाऊन बसते. हाताने भरलेला क्रमांक अशा वेळी मूळ क्रम परत मिळवून देतो. सूत्राचा क्रमांक निमूटपणे नव्या जागेचा होतो. नोंदी गाळून पाहताना सूत्राच्या क्रमांकांत खंड पडतात. तेथे ‘SUBTOTAL’ हे सूत्र वापरावे.

२०२३ मध्ये नागझिऱ्यात सोडलेल्या वाघिणींची एनटी-१, एनटी-२ ही नावे अनुक्रमांकासारखी दिसतात, पण ती ओळखचिन्हे आहेत. यादीचा क्रम बदलला तरी ती बदलायची नाहीत.